अनोळखी माणूस दिसला की काय करायचं, आणि वेषावरून माणूस ठरवायची सवय कशी मोडायची

जून 2018 मध्ये मी एक मेसेज पुढे पाठवला होता. "पोरं पळवणारी टोळी आलीय, साधूच्या वेषात फिरतात, जास्तीत जास्त शेअर करा" असा, आणि खाली एक व्हिडिओ. माझा मुलगा तेव्हा दुसरीत होता, वाचून पोटात गोळा आला, काहीही विचार न करता शाळेच्या पालक ग्रुपवर टाकला, माहेरच्या ग्रुपवर टाकला आणि भाकऱ्या करायला लागले. आठवड्याभरातच, 1 जुलैला रविवारी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजारात पाच जणांना जमावानं मारून टाकलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. संशय काय तर पोरं धरणारे. ते होते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागायला गेलेले, आणि त्यातले बहुतेक मूळचे आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. मंगळवेढा म्हणजे आमच्या शेजारचा तालुका, आमच्या घरात ज्वारी येते ती तिथलीच.

माझा मेसेज धुळ्यापर्यंत गेला का नाही हे कळायला काही मार्ग नाही, पण तसलाच मेसेज कुणीतरी माझ्यासारखीनंच, लेकराच्या काळजीनंच पुढे ढकलला असणार, आणि तेवढं मला झोप उडवायला पुरलं. त्यानंतर मी जे शिकले, काही वाचून, काही बाजारपेठेत स्टेशनरीचं दुकान आहे तिथे रोज शंभर तऱ्हेची माणसं बघून, ते इथे लिहितेय. गाव असो, सोसायटी असो, शाळेचं गेट असो, सगळीकडे चालेल असं.

आधी "दिसलं" आणि "वाटलं" वेगळं करा

ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे आणि दिसायला सगळ्यात सोपी. कुणी अनोळखी माणूस बघून छातीत धस्स झालं की मनातल्या मनात दोन वाक्यं करायची, एक डोळ्यांना काय दिसलं आणि दुसरं आपल्याला काय वाटलं. उदाहरणार्थ, "भगवे कपडे, खांद्याला झोळी, दाढी वाढलेली, एका मुलाशी बोलला" हे दिसलं. "पोरं धरणारा आहे" हे वाटलं. आता दिसलेल्यातून वाटलेल्यापर्यंत जायला मधे काय आहे ते शोधा, बहुतेक वेळा काहीच नसतं, तिथे आपण ऐकलेल्या गोष्टी भरलेल्या असतात. कपड्यावरून फार तर माणसाचा धंदा कळतो, परिस्थिती कळते, किती दिवस चालत आलाय ते कळतं. त्याच्या मनात काय आहे ते कपड्यावर लिहिलेलं नसतं.

सप्टेंबर 2022 मध्ये सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या लवंग्याला चार साधूंना लोकांनी मारहाण केली. ते उत्तर प्रदेशचे, कर्नाटकात विजापूरला देवदर्शन करून पंढरपूरकडे निघालेले, आणि त्यांनी केलं काय तर एका मुलाला रस्ता विचारला. बास, तेवढंच. रस्ता आपण सगळेच विचारतो, आणि रस्त्यावर जो दिसेल त्यालाच विचारतो, बऱ्याचदा ते पोरगंच असतं कारण दुपारी उन्हात बाहेर पोरंच असतात. तुमच्या नवऱ्यानं गाडीची काच खाली करून पोराला रस्ता विचारला तर कुणी गाडी अडवणार नाही. कृती तीच असते, फक्त अंगावर शर्ट-पँट असते. म्हणून मी स्वतःला लावलेला नियम असा की माणसानं *केलं* काय ते बघायचं, आणि तीच कृती इस्त्रीच्या कपड्यातल्या माणसानं केली असती तर मी घाबरले असते का, हे विचारायचं. मुलाचा हात धरून ओढत नेत असेल तर कुणीही असो, घाबरायचंच, धावायचंच. नुसता बोलत असेल, बसला असेल, बघत असेल, तर नाही.

उलट्या बाजूनंही हे खरंच आहे. आमच्या गल्लीत एका म्हातारीच्या पाटल्या "पॉलिश करून देतो" म्हणून नेल्या त्या दोघांचे बूट चकचकीत होते, गळ्यात कंपनीचं आयकार्ड होतं, आणि त्यांना तिनं स्वतः घरात बसवून चहा दिला होता.

कोण आहेत ते माहीत करून घ्या

आपली निम्मी भीती अज्ञानातून येते. माझ्या आजीला दारात आलेला प्रत्येक माणूस ओळखू यायचा, आम्हाला येत नाही कारण आम्ही फ्लॅटचं दार लावून घेतो. डोक्यावर मोरपिसांची टोपी आणि पहाटे येतो तो वासुदेव. सजवलेला बैल घेऊन गुबूगुबू वाजवत येतात ते नंदीबैलवाले. अंगावर आसूड ओढून घेणारे मरीआईवाले, कडकलक्ष्मी. हातात डौर म्हणजे डमरूसारखं वाद्य, भगवा पटका, झोळी, ते डवरी गोसावी, नाथांची परंपरा सांगणारे, त्यांच्यात भिक्षा मागणं हा पिढ्यानपिढ्यांचा व्यवसायच. वैदू जडीबुटी विकणारे, घिसाडी विळे-खुरपी करून देणारे. आणि बहुरूपी, त्यांच्याबद्दल तर मुद्दाम सांगते, कारण सोंग घेणं हेच त्यांचं काम, कधी पोलिसाचा ड्रेस घालून सुद्धा दारात उभे राहतात. आजी हसून पायलीतलं धान्य घालायची, आता त्याच सोंगाला "तोतया पोलीस" म्हणून मार बसू शकतो.

आता कुणी म्हणेल की हे पण जनरलायझेशनच झालं, अमुक समाजाची माणसं अशी असतात. बरोबर आहे. पण माहिती म्हणून वापरणं आणि निकाल म्हणून वापरणं यात फरक आहे. डौर बघून "हे डवरी गोसावी असतील, भिक्षेला आले असतील, विचारून बघू" इथपर्यंत समूहाची माहिती कामाला येते, ती मला प्रश्न विचारायला मदत करते. "डवरी गोसावी आहेत म्हणजे निर्धोक" किंवा "पारधी आहेत म्हणजे चोर", हे दोन्ही निकाल आहेत, आणि माणसाला बघायच्या आधीच लावलेले आहेत. चांगला निकालसुद्धा लावू नका, कारण उद्या त्यातला एक जण वाईट निघाला की तोच निकाल सगळ्यांवर उलटतो.

"हे लोक" ऐकलं की थांबा

वाक्यात "हे लोक", "ही जमात", "यांच्यात असंच असतं" आलं की मी तीन प्रश्न विचारते, दुसऱ्याला आणि स्वतःला पण. पहिला, तू किती जणांना ओळखतोस? नावानं, घरी जाऊन? माझ्या दुकानात एक काका नेहमी पारध्यांबद्दल बोलायचे, त्यांना विचारलं तर आयुष्यात एकाही पारध्याशी ते पाच मिनिटं बोललेले नव्हते. दुसरा प्रश्न, हे तुला कळलं कुठून? आणि तिसरा, तुझ्या जातीतल्या, तुझ्या गावातल्या एकानं केलेल्या चोरीसाठी तुला पोलीस चौकीत बसवलं तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पारध्यांच्या बाबतीत इतिहासातच आहे, आणि ते प्रत्येकानं माहीत करून घ्यायला पाहिजे. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. म्हणजे माणसानं काही करायच्या आधीच, विशिष्ट जमातीत जन्मला म्हणून तो गुन्हेगार. पुढे तो कायदा आपल्या मुंबई इलाख्यातही आला. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. आमच्या सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती, आत कुटुंबंच्या कुटुंबं ठेवलेली, आजही त्या भागाला लोक सेटलमेंटच म्हणतात आणि रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं की कळतं. देश 1947 ला स्वतंत्र झाला पण ही माणसं मोकळी झाली 31 ऑगस्ट 1952 ला, म्हणून त्यांच्यात तो विमुक्त दिन पाळतात. कायदा गेला, शिक्का राहिला. आणि शिक्का कसा टिकतो बघा, कुठं चोरी झाली की पहिला संशय त्यांच्या पालावर, म्हणजे तंबूंच्या वस्तीवर, म्हणून उचलले जातात तेच, म्हणून पेपरात नाव येतं त्यांचंच, म्हणून वाचणाऱ्याची खात्री पटते की बघा, परत तेच. बाकीच्यांच्या पालावर कुणी गेलेलंच नसतं बघायला.

आपल्या बोलण्यातसुद्धा हे मुरलंय. "भामटा" हा शब्द आपण फसवणाऱ्याला सरसकट वापरतो, आणि भामटा हे महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीतलं एका जातीचं नाव आहे. त्या यादीत 14 जाती आहेत, कैकाडी, वडार, रामोशी, बेरड, राज पारधी अशा. "काय कैकाड्यासारखं भांडताय" हे मी लहानपणी रोज ऐकलं आणि मोठेपणी एकदा माझ्याच तोंडून निघालं, दुकानात, आणि समोर कैकाडी मुलगी वही घ्यायला उभी होती. ती काही बोलली नाही. पैसे ठेवले, वही घेतली, गेली. परत आली नाही. त्या दिवसापासून घरात ह्या शब्दांना बंदी आहे, मुलालाही कारण सांगून ठेवलंय, नुसतं "असं बोलू नको" म्हणून भागत नाही.

आणि हे उलटंही फिरतं. 16 एप्रिल 2020 ला, लॉकडाऊनमध्ये, पालघर जिल्ह्यात गडचिंचलेला दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावानं मारले, तिथेही चोर आणि पोरं पळवणाऱ्यांची अफवाच होती. ते बघून डोकं सुन्न होतं, राग येणारच, यायलाच पाहिजे. पण त्यानंतर काय झालं, त्या घटनेला धर्माचा रंग द्यायला लोक एक दिवस पण थांबले नाहीत, आणि दुसरीकडे "आदिवासी असेच" म्हणून पूर्ण समाजावर चिखल. म्हणजे ज्या चुकीमुळे तीन जीव गेले तीच चूक, एकाचं सगळ्यांवर घालायची, आपण घरी बसून परत केली. मारणाऱ्यांना शिक्षा व्हायलाच हवी, ज्यानं हात उचलला त्याला, नावानिशी.

मेसेज आला तर

व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजवर "फॉरवर्डेड" लिहिलंय का बघा. हे लेबल आणि एकावेळी पाचच जणांना पाठवायची मर्यादा भारतात 2018 च्या जुलै-ऑगस्टमध्येच आली, ह्याच प्रकारांमुळे. दोन बाण दिसले तर तो मेसेज बऱ्याच हातांतून आलाय, पाठवणाऱ्यानं स्वतः काही बघितलेलं नाही हे धरूनच चाला. मेसेजमध्ये गाव, तारीख, पोलीस स्टेशन आहे का? "आपल्या भागात" म्हणजे कुणाच्या भागात? त्या वर्षी फिरलेल्या व्हिडिओंमध्ये एक होता, मोटरसायकलवर दोघं येतात आणि रस्त्यावरचं पोरगं उचलून नेतात. तो कराचीतल्या एका जनजागृती मोहिमेचा व्हिडिओ होता, नाटक करून शूट केलेला, शेवटी ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि मुलं सांभाळा असा बोर्ड दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला. कापलेला व्हिडिओ इकडे खरा म्हणून फिरला. म्हणून व्हिडिओ एकदम संपतोय असं वाटलं तर पुढे काय होतं ते विचारा.

खरंच काळजी वाटत असेल तर फॉरवर्ड करण्याऐवजी फोन करा. गावात पोलीस पाटील असतो, स्टेशनला बीट अंमलदार असतो, नाहीतर सरळ 112. लेकरू खरंच धोक्यात दिसलं तर 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहे. ह्या एका फोननं जे होतं ते दोनशे फॉरवर्डनं होत नाही.

फोटोचं मात्र वेगळं सांगते. कुणाचाही फोटो "संशयास्पद" म्हणून ग्रुपवर टाकू नका, अजिबात नको. लवंग्याच्या बातमीनंतर दोनच दिवसांनी आमच्या ग्रुपवर एक फोटो आला, शाळेच्या कंपाउंडला टेकून बसलेला एक माणूस, पटका, झोळी, शाळेच्या गेटकडे बघतोय. दहा मिनिटांत तीस मेसेज, कुणी म्हणतंय पकडून ठेवा, कुणी म्हणतंय मी माणसं घेऊन निघालो. दुकान तिथून जवळ, मी शटर अर्धं ओढून गेले. तो माणूस पन्नाशीचा असेल, टाचांना भेगा, त्यात धूळ बसलेली, मांडीवर फडक्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा. आणि त्याच्या शेजारी, फोटोत जी आलीच नव्हती, त्याची सून तान्ह्या बाळाला पाजत बसली होती. फोटो काढणाऱ्यानं तिला कापली होती का चौकटीतच घेतली नव्हती, मला माहीत नाही. गेटकडे बघत होता कारण नळ तिथे आतल्या बाजूला होता.

मी म्हटलं, "पाव्हणं, कंच्या गावचं?" तर त्यानं गावाचं नाव सांगायच्या आधी बंडीच्या आतनं प्लास्टिकची पिशवी काढली, तिला रबर लावलेलं, आणि रबर काढताना बोटं थरथरत होती, आतनं आधार कार्ड काढून माझ्यापुढं धरलं. "बघा ताई. बघून घ्या. आमी इथलंच हाय, जिल्ह्यातलंच." मी मागितलं नव्हतं. मला मागायचा अधिकारही नव्हता, मी काही पोलीस नाही. पण त्याला रोज दाखवायची सवय लागली होती, आणि मला सेटलमेंटची हजेरीच आठवली.

बोलायचं कसं

वाकून, जवळ जाऊन, एकट्यानं किंवा दोघांनी. चार जण घेराव घालून बोलले की ते बोलणं राहत नाही. मामा म्हणा, बाबा म्हणा, पाव्हणं म्हणा, तुमच्याकडे जे म्हणतात ते, पण "ए" नको. पहिला प्रश्न "काय करतोस इथं" हा नको, "पाणी पाहिजे का" हा असू दे, कारण नव्वद टक्के वेळा पाणीच पाहिजे असतं, आणि पाणी पिताना माणूस आपण होऊन सांगतो कुठनं आलो, पाल कुठं टाकलंय. भाषा कळत नसेल तर गप्प बसलाय म्हणजे लपवतोय असं धरू नका. परमुलखातल्या माणसाला आपली बोली चटकन उमगत नाही, आणि उत्तराला उशीर झाला की लोक त्याचा वेगळाच अर्थ काढतात. कागद मागू नका. शंका राहिलीच तर बाजूला होऊन फोन करा, त्याच्या तोंडावर नको.

गर्दी जमलीच तर

आता हे मन घट्ट करून वाचा. गर्दी भडकायच्या आधीची पाच मिनिटं हातात असतात, तेव्हाच 112 लावा, आणि "वाद चालू आहे" असं नाही, "जमाव माणसाला मारायला उठलाय, जीव जाईल" असं स्पष्ट सांगा, ठिकाणाच्या खुणेसकट. त्या माणसाला "सुरक्षित ठेवू" म्हणून खोलीत कोंडायला देऊ नका, राईनपाड्याला खोलीच होती. शक्य असेल तर गाडीत घालून तिथून हलवा, सरळ पोलीस स्टेशनला. गर्दीशी गर्दी म्हणून बोलू नका, त्यातला ओळखीचा एक शोधा आणि त्याला नावानं हाक मारा, "अरे, तुझी आई बघतीय", असं काहीही, नाव घेतलं की माणूस गर्दीतनं बाहेर येतो. बायकांनी पुढे व्हा, म्हातारी माणसं पुढे करा. आणि मोबाईल काढून शूटिंग करणाऱ्याला सांगा की बाबा, त्याच मोबाईलवरनं फोन लाव.

लोकांना कायदाही माहीत पाहिजे. सुप्रीम कोर्टानं 17 जुलै 2018 ला, राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, प्रत्येक जिल्ह्यात झुंडबळी रोखायला एसपी दर्जाचा अधिकारी नेमायला सांगितलं. आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत कलम 103 मध्ये हे वेगळं आलंय, पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान असल्या कारणावरून कुणाला जिवे मारलं तर त्यातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. प्रत्येकाला. "मी नुसता धरून होतो" म्हणून सुटका नाही.

मुलांना काय सांगायचं

"जेव, नाहीतर बुवा झोळीत घालून नेईल." आपण सगळे हे ऐकून जेवलोय. मला फार उशिरा कळलं की 2018 चा मेसेज आमच्या मनात इतका पटकन का रुजला, कारण झोळीवाल्याची भीती आम्हाला दुधाबरोबर पाजलेली होती. हे वाक्य बंद करा. लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, म्हणजे पोक्सो कायद्याखालच्या केसेस बघा, सरकारच्या गुन्हे नोंदणी विभागाच्या (एनसीआरबी) आकडेवारीत बहुतेक आरोपी ओळखीचेच असतात दरवर्षी, शेजारी, नातेवाईक, शिकवणारे. मुलाला भगव्या कपड्याला घाबरायला शिकवलं तर ते ओळखीच्या काकाला घाबरणार नाही. त्यापेक्षा एक घरचा शब्द ठरवा, आणायला कुणीही आलं, मामा आला तरी तो शब्द सांगितल्याशिवाय जायचं नाही. आणि कुणीही, कुणीही, "आईला सांगू नको" म्हटलं की ते आधी आईला सांगायचं.

चूक झाली असेल तर

जिथे चुकीचं टाकलं तिथेच दुरुस्ती टाका, नुसतं डिलीट करून भागत नाही. त्या दिवशी मी कंपाउंडपाशी उभी राहूनच लिहिलं, "भिक्षेकरी कुटुंब आहे, जेवायला बसलेत, सोबत सून आणि बाळ आहे, मी इथेच आहे, कुणी येऊ नका, यायचं तर बाळाला दूध घेऊन या." दोघी खरंच दूध घेऊन आल्या. जो माणसं घेऊन निघाला होता तो पण आला, लांब उभा राहिला, मग शिपायाकडनं कळशी भरून आणली.

फोटो टाकणाऱ्या बाईला मी ग्रुपवर काही बोलले नाही, सगळ्यांसमोर बोललं की माणूस आपली बाजू धरून बसतो. रात्री फोन केला. तिचा मुलगा त्या दिवशी अर्धा तास उशिरा आला होता, व्हॅन पंक्चर झालेली, ड्रायव्हरचा फोन बंद, आणि ती गेटपाशी उभी राहून रडकुंडीला आली होती, तेवढ्यात हा माणूस दिसला. आम्ही बराच वेळ बोललो. दुसऱ्या दिवशी दुकानात आली तेव्हा आम्ही दोघींनी बसून सगळ्या व्हॅनवाल्यांचे आणि त्यांच्या घरचे नंबर एका कागदावर लिहून काढले, तो कागद लॅमिनेट करून आता शाळेच्या गेटवर लावलाय.